पेल एलमध्ये कोणता हॉप टाकायचा, अन् तो नाही मिळाला तर काय

नागपूरचे पोट्टे आता कुठं कुठं जाऊन राहिले, कोणी ह्यूस्टनला तर कोणी बर्मिंगहॅमला, अन् तिथं घरच्यापुरती बीअर बनवायला मोकळीक असल्यामुळं कोणाचा ना कोणाचा मेसेज येतेच, "दादा रेसिपीत सिम्को लिहिला आहे, इथं दुकानात संपला, काय टाकू?" त्याला उत्तर दिलं की दुसरा तोच प्रश्न सिट्राचा घेऊन हजर. हॉप म्हणजे बीअरला कडूपणा अन् वास देणाऱ्या वेलाची सुकवलेली फुलं, सिम्को, सिट्रा ही त्याच्या जातींची नावं, अन् पेल एल हा बीअरचा एक फिकट रंगाचा प्रकार. मला हा नाद मेलबर्नला असताना लागला, आता परत मनीषनगरात आहे, तर म्हटलं एकदाच बसून लिहून टाकावं.

कायद्याचं आधी सांगून ठेवतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे अन् लायसन्सशिवाय बीअर बनवणं त्यात बसत नाही, "घरच्यासाठी दहाच लिटर केली साहेब" हे तिथं चालत नाही. त्यामुळं बनवायचा भाग जिथं चालते तिथल्या लोकांसाठी. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं केंद्राकडून ते सुटं झालं, इंग्लंडात त्याच्याही आधी, 1963 मध्ये. नागपुरात बसलेल्यांसाठी हॉपचा चहा अन् हॉप सोडा आहे, त्यात अल्कोहोल नसते, अन् खरं सांगू का, हॉप ओळखायची अक्कल त्यातूनच लवकर येते, ते खाली येतेच.

आधी त्या हॉपचं काम पाहा

रेसिपीत हॉपचं नाव वाचून घाबरायचं नाही, तो किती मिनिटाला पडून राहिला ते वाचायचं, 60 मिनिटाला म्हणजे उकळणं संपायच्या 60 मिनिटं आधी. हॉपमधल्या पिवळ्या भुकटीत दोन गोष्टी असतात, एक अल्फा अ‍ॅसिड अन् दुसरं सुगंधी तेल. अल्फा अ‍ॅसिडचं रूप उकळताना बदलते तेव्हा कडूपणा वॉर्टमध्ये, म्हणजे बीअर व्हायच्या आधीच्या माल्टच्या गोड पाण्यात, उतरतो, त्याला वेळ लागते. तेल उलटं, जितकं उकळाल तितकं वाफेसोबत उडून जाते, घरभर वास अन् बीअरमध्ये काही नाही. म्हणून 60 मिनिटाला पडलेला हॉप कडूपणासाठी, शेवटच्या दहा-पाच मिनिटांतला चव अन् वासासाठी, गॅस बंद केल्यावर 80 डिग्रीच्या आसपास टाकलेला बहुतेक वासासाठी, अन् फर्मेंटरमध्ये, म्हणजे यीस्ट टाकून वॉर्ट आंबवायच्या भांड्यात, टाकलेला ड्राय हॉप फक्त वासासाठी. सावजी मसाल्यात तिखट बदललं तर प्रमाण सांभाळून भागते पण दगडफूल काढलं तर ते सावजीच राहत नाही, तसंच आहे हे. कडूपणाची बदली कॅल्क्युलेटरवर होते, वासाची बदली नाकानं करावी लागते, अन् लोक नेमकं उलटं करतात, 60 मिनिटाच्या मॅग्नम हॉपसाठी दुकानं पालथी घालतात अन् ड्राय हॉपला हाताला येईल ते पाकीट फाडतात.

हिशोबासाठी एक साधी पेल एल धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. 10 लिटर वॉर्ट, ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळं पाण्याच्या तुलनेत आलेला जडपणा, 1.050 च्या जवळपास. 60 मिनिटाला 8 ग्रॅम मॅग्नम, अल्फा 12 टक्के. 10 मिनिटाला 15 ग्रॅम कॅस्केड, अल्फा 6 टक्के. गॅस बंद करून 80 डिग्रीला 20 ग्रॅम कॅस्केड, अन् ड्राय हॉप 30 ग्रॅम. कडूपणाच्या हिशोबाच्या टिन्सेथ फॉर्म्युल्यानं मॅग्नमकडून साधारण 22 आयबीयू (आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप) येतात, दहा मिनिटाच्या कॅस्केडकडून साडेसात, अन् 80 डिग्रीवाल्याकडून थोडेफार. तीसच्या वर गेलो, अमेरिकन पेल एलची रेंज 30 ते 50 मानतात, म्हणजे बसलो आत. मला स्वतःला खालच्या टोकाचीच आवडते, विशेषतः सोबत तर्रीवालं काही असेल तर, कारण कडूपणा अन् तिखट एकत्र आले की जिभेला आग जास्तच लागते, सावजी मटणासोबत 45 आयबीयूची बीअर म्हणजे दोघांचीही माती.

कडूपणाची बदली

हे सोपं आहे, एका ओळीत. जुने ग्रॅम गुणिले जुना अल्फा भागिले नवा अल्फा. मॅग्नम 8 ग्रॅम 12 टक्क्याचा नाही मिळाला अन् वॉरियर 16 टक्क्याचा मिळाला, तर 8 गुणिले 12 म्हणजे 96, भागिले 16, सहा ग्रॅम. बस. बीअर पिणाऱ्याला फरक कळणार नाही, अन् जो म्हणेल मला कळला त्याला न सांगता दोन ग्लास समोर ठेवून पाहा.

मॅग्नम जर्मनीचा, वॉरियर अमेरिकेचा, दोघंही गुमान काम करणारे, कडू करतात अन् आपला वास मध्ये आणत नाहीत, म्हणून यातला एक कोणताही घरात असला की निम्मी चिंता मिटते. कोलंबस, टोमाहॉक, झ्यूस ही तिन्ही नावं बाजारात एकाच गटात, सीटीझेड म्हणून विकतात, अल्फा 14 ते 17, तेही चालते, फक्त मागं थोडा उग्रपणा ठेवते. चिनूक 12 ते 14 चा, त्याचा चीडाच्या लाकडासारखा वास 60 मिनिटं उकळूनही थोडा मागं राहतो, कॅस्केडच्या पेल एलमध्ये मला तो गोड वाटतो पण इंग्लिश स्टाइलची करत असाल तर नको.

एकच जागा आहे जिथं हा हिशोब बरोबर येऊनही फसवतो. समजा घरात फक्त साझ पडला आहे, साडेतीन टक्क्याचा. 96 भागिले साडेतीन म्हणजे सत्तावीस-साडेसत्तावीस ग्रॅम. आकडा बरोबर आहे, पण आता 8 ग्रॅमच्या जागी तिप्पट पाला भांड्यात गेला, तो वॉर्ट पिऊन घेते, खाली गाळ जास्त, अन् चवीत गवताळपणा येते. दहा लिटरमध्ये एवढं चालून जाईल पण मोठ्या बॅचला नाही. कमी अल्फाचा हॉप कडूपणासाठी जाळण्यापेक्षा त्याचं पाकीट बंदच ठेवा.

अन् अल्फा कुठून घ्यायचा? पाकिटावरून. पुस्तकात कॅस्केड साडेचार ते सात लिहिलेलं असते, पण तुमच्या हातातल्या पाकिटावर साडेसात असू शकते, पीक बदललं की आकडा बदलतो. व्होल कोन, म्हणजे अख्खी सुकलेली फुलं, वापरत असाल तर पेलेटपेक्षा, म्हणजे फुलं दळून दाबलेल्या गोळ्यांपेक्षा, साधारण दहा टक्के जास्त घ्या. क्रायो असेल तर वजन निम्मं, त्यात पाला काढून टाकलेला राहते. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, तो पाच ग्रॅमला चार म्हणते अन् सहालाही चार. इतवारीत सराफी कामाचे खिशात मावणारे डिजिटल काटे मिळतात तसला घ्या, जिथं असाल तिथं मिळतो.

वासाची बदली, म्हणजे खरं काम

इथं नावाला नाव लावणारे तक्ते खूप सापडतात अन् ते अर्धेच कामाचे असतात, कारण एका हॉपमध्ये तीन-चार वास असतात अन् बदलीवाला त्यातले दोनच देते. म्हणून मी आधी विचारतो, बाबू तुला या हॉपमधलं नेमकं काय पाहिजे?

कॅस्केड सगळ्यात सोपा. ओरेगॉनमध्ये सरकारी पैदास कार्यक्रमातून 1972 च्या सुमारास बाहेर आला, त्याच्या आजीआजोबांत इंग्लंडचा फगल आहे, अन् 1980 पासून सिएरा नेवाडाच्या पेल एलनं त्याला घरोघरी नेलं. ग्रेपफ्रूट, थोडं फूल, थोडा मसाला. नाही मिळाला तर सेंटेनियल, त्याला सुपर कॅस्केडच म्हणतात, पण तो जोरदार आहे, साडेनऊ ते साडेअकरा अल्फा, म्हणून कॅस्केड 15 असेल तर सेंटेनियल दहाच टाका. अमारिलो टाकला तर ग्रेपफ्रूटच्या जागी संत्र्याकडं झुकते, तेही छान. अन् हे लक्षात घ्या की कॅस्केड पण सगळा एकसारखा नाही, न्यूझीलंडच्या मातीतला इतका वेगळा झाला की तो आता ताईहेके नावानं विकतात.

अमारिलो हा वॉशिंग्टन राज्यातल्या एका शेतात आपोआप उगवलेला, कोणी पैदास केली नाही. त्याचा संत्र्याचा गोडसर वास दुसरीकडं सहज मिळत नाही. कॅस्केड दोन भाग अन् मँडरिना बव्हेरिया एक भाग घेतला तर जवळ जाते. सिम्कोसाठी लोक चिनूक सुचवतात, त्यानं लाकडाचा वास मिळते पण सिम्कोमधलं पिकलेलं फळ मिळत नाही, म्हणून मी मोझॅक दोन भाग अन् चिनूक एक भाग सांगतो, मोझॅक ही सिम्कोचीच पोरगी, नगेटसोबतच्या जोडीतून झालेली, 2012 ला बाजारात आली. मोझॅक कधीकधी कांद्याकडं जाते बरं का, पाकीट उघडून वास घ्या, कांदा-लसूण आला तर ड्राय हॉपला वापरू नका.

सिट्रा. याची खरी बदली नाही, हे मान्य करून पुढं चला. लिंबू, आंबा, लिची, सगळं एकात. मोझॅक अन् सेंटेनियल अर्धे अर्धे घेतले तर चांगली बीअर होईल, सिट्राची होणार नाही. गॅलेक्सी टाकली तर पॅशनफ्रूट पुढं येते, ऑस्ट्रेलियात असाल तर तीच ताजी मिळते, मग रेसिपीच्या मागं कशाला लागता, गॅलेक्सीची पेल एल करा ना. नेल्सन सोव्हिनसाठी हालरटाऊ ब्लांक, दोघांत पांढऱ्या द्राक्षाचा वास आहे. इंग्लंडवाल्यांना ईस्ट केंट गोल्डिंग्ज, फगल, विलामेट आपसात फिरवता येतात, विलामेट फगलचीच अमेरिकेतली लेक, फरक थोडाच पडतो.

आता यात एक गोम आहे जी कोणी सांगत नाही. वासाची बदली वजनाला वजन करतात, ठीक आहे, पण 10 मिनिटाचा हॉप कडूपणाही देतो. आपल्या रेसिपीत 15 ग्रॅम कॅस्केड 6 टक्क्याचा साडेसात आयबीयू देत होता. त्याच जागी 15 ग्रॅम सिट्रा साडेबारा टक्क्याचा टाकला तर पंधरा-सोळा आयबीयू येतात, म्हणजे आठ जास्त, अन् मग मेसेज येते की दादा कडू झाली. सिट्रा कमी करू नका, तो वासासाठी आहे. वरून 60 मिनिटाचा मॅग्नम 8 चा 5 ग्रॅम करा, तिथून आठ निघून जातात, हिशोब बरोबर. ड्राय हॉपला ही भानगड नाही, तिथं ग्रॅमला ग्रॅम बदला.

पाकीट पाहून घ्यायचं

दोन अनोळखी हॉपमध्ये निवड करायची असेल तर मी नावाच्या आधी पिकाचं वर्ष पाहतो. अमेरिका-युरोपात तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. दोन वर्षं जुन्या सिट्रापेक्षा यावर्षीचा कॅस्केड कधीही बरा. चांदीसारखं जाड पाकीट, आतली हवा काढलेली किंवा नायट्रोजन भरलेला, अन् दुकानात फ्रिजमध्ये ठेवलेलं. काचेच्या बरणीत उन्हात मांडलेले हॉप्स दिसले तर नमस्कार करून बाहेर या.

घरी आल्यावर एक पेलेट तळहातावर घ्या, दोन्ही हातांनी जोरात चोळा, गरम होऊन भुगा होते, मग नाक खुपसा. हिरवा भुगा, चिकट, वास भसकन वर आला तर उत्तम. तपकिरी पडला असेल अन् जुन्या चीजचा किंवा घामेजल्या मोज्याचा वास आला तर हॉप गेला, ते आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिड आहे, उकळून जाईल या आशेवर कोणी ड्राय हॉपला टाकू नका.

उरलेले पेलेट फ्रीजरमध्ये. ढोबळ नियम असा सांगतात की तापमान 15 डिग्रीनं खाली गेलं की हॉप खराब व्हायचा वेग निम्मा होते. नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्री अन् फ्रीजरमध्ये उणे 18, मध्ये 63 डिग्रीचं अंतर, म्हणजे चार वेळा निम्मं, सोळापट फरक. त्यामुळं इथं चहासाठी ऑनलाइन छोटी पाकिटं मागवणाऱ्यांनी ती डिसेंबर-जानेवारीत मागवावी, एप्रिलनंतर कुरिअरच्या गाडीत काय शिजते ते देवाला ठाऊक. अन् एकानं विचारलं होतं गच्चीवर वेल लावू का, तर नको लावू. आपल्याकडं हिमाचलच्या लाहौलमध्ये हॉप होते, त्याला उन्हाळ्यात लांब दिवस अन् हिवाळ्यात कडक थंडी लागते, 21 अक्षांशावर नागपूर यातलं काहीच देत नाही, फक्त ऊन देते.

चहा करून पाहा

बदली ठरवायची सगळ्यात स्वस्त पद्धत. पाणी उकळून थोडं थांबा, 75-80 डिग्रीवर येऊ द्या, एका कपात 200 मिली घ्या, त्यात एक ग्रॅम पेलेट, वर बशी झाका, दहा मिनिटं. पेलेट फुगून हिरवा चिखल होतो, चहाच्या गाळणीत अडकतो, दोनदा गाळावं लागते. कोमट झाल्यावर आधी वास, मग घोट. उकळतं पाणी ओतू नका, कडूपणा वाढून नाक काम करेनासं होते.

मजा पुढं आहे. सिम्कोची बदली शोधायची असेल तर मोझॅकचा चहा एका कपात, चिनूकचा दुसऱ्या कपात, मग तिसऱ्या वाटीत दोन चमचे मोझॅक अन् एक चमचा चिनूक मिसळा. नाही पटलं तर तीनास एक करा. दहा लिटर बीअर बिघडवून जे कळते ते इथं चमच्यात कळते. घरी साधी बाजारातली लागर बीअर पीत असाल तर त्यातही करता येते, बाटली एकदम थंडगार करायची, थोडी ओतून जागा करायची, 330 मिलीला साधारण एक ग्रॅम पेलेट टाकून झाकण लावून दोन दिवस फ्रिजमध्ये, पण बेसिनमध्ये उभं राहून टाका, कारण गॅसच्या बीअरमध्ये पेलेट पडताच फेस फसफसून बाहेर येतो.

हॉप सोडा असाच, एक लिटर थंड पाण्यात दोन ग्रॅम पेलेट रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी कापडातून गाळा, लिंबाचे चार थेंब, मग सोडा मशीन. उन्हाळ्यात छान लागते.

संत्र्याचं काय

हा प्रश्न नागपूरकर विचारणार नाही असं होतच नाही. होय, साल चालते, पण हॉपच्या जागी नाही, हॉपच्या सोबत. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन भरपूर, ते वास देते, पण हॉपचा कडूपणा देत नाही, अन् हॉप जे जंतूंना, विशेषतः लॅक्टोबॅसिलसला, आवरून धरतो तेही देत नाही. याच कारणानं कडुनिंब, काडेचिराईत वगैरेनं कडूपणा आणायची आयडिया पण सोडून द्या, नुसतं कडू म्हणजे हॉप नव्हे. अमारिलो नसेल अन् कॅस्केडवर भागवायचं असेल तर दहा लिटरला दोन-तीन संत्र्यांची साल शेवटच्या पाच मिनिटांत, एवढंच. फक्त वरचा नारिंगी थर, आतला पांढरा गर कडवट असते. आपल्या संत्र्याची साल ढिली राहते त्यामुळं किसणीवर ती सरकते अन् फाटते, म्हणून फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवा, सोलायच्या आधीच अख्खं फळ हलक्या हातानं किसा. वॅक्स लावलेलं असेल तर गरम पाण्यानं धुवून. बाहेरदेशी असाल तर कोणतंही मँडरिन घ्या.

अन् ह्यूस्टनवाल्यांनो, तुमच्याकडंही जुलैत कडक उन्हाळा, तेव्हा साधं एल यीस्ट 18-20 डिग्रीत ठेवणं जमत नसेल तर व्हॉस क्वाइक नावाचं यीस्ट पाहा, ते 35-40 डिग्रीत खुशाल चालते, पण स्वतःच संत्र्याचा वास सोडते, मग वरून साल नको, हॉपमध्येही अमारिलोपेक्षा चिनूक किंवा सेंटेनियल ठेवा म्हणजे एकसुरी होत नाही.

पाण्याचं दोन शब्दांत. बोअरचं जड, बायकार्बोनेटवालं पाणी असेल तर कोणताही हॉप टाका, कडूपणा खरखरीतच लागेल, अन् दोष बिचाऱ्या बदलीच्या हॉपला जाईल. आरओ पाणी घ्या अन् थोडं जिप्सम टाका. नळाला क्लोरीन येत असेल तर ते आधी काढा.

ड्राय हॉप करताना

फर्मेंटेशन जवळपास संपलं की टाका, तीन ते पाच दिवस ठेवा, जास्त ठेवलं की गवत. झाकण उघडं ठेवून फोटो काढत बसू नका, हवा लागली की सगळ्यात आधी तोच वास जातो ज्याच्यासाठी एवढी शोधाशोध केली. दुसरं, हॉपमध्ये एन्झाइम असतात, ते उरलेल्या न पचणाऱ्या साखरा तोडून यीस्टला परत खायला देतात, त्यामुळं ड्राय हॉपनंतर ग्रॅव्हिटी पुन्हा थोडी उतरते. लगेच बाटल्या भरल्या तर आत प्रेशर वाढून बाटली फुटू शकते. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजा, आकडा हलला नाही तरच भरा. बाटल्या तपकिरी घ्या अन् उन्हात ठेवू नका, उजेडानं हॉपचा कडू भाग तुटून स्कंकसारखा घाण वास येते, कडक उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात.

उरलेल्या पाकिटावर मार्करनं नाव, अल्फा अन् पिकाचं वर्ष लिहून फ्रीजरला टाका. अन् गाळलेला चोथा, चहाचा असो की बीअरचा, अंगणात किंवा उघड्या कचऱ्यात फेकू नका. कुत्र्याला हॉप्स विषारी आहेत, खाल्ले तर ताप इतका चढतो की जीव जाऊ शकते, अन् आपल्या गल्लीत कचरा हुंगणारी कुत्री किती आहेत ते सांगायला नको. पिशवीला गाठ मारून झाकणाच्या डब्यात टाका, घरचं कुत्रं असेल तर पेलेटचं पाकीटसुद्धा वरच्या कप्प्यात.